वस्ती, ठाणे आणि गाव : पृथ्वीबाहेरील मानवी निवासाचा विचार

मराठीत ‘वसणे’ ह्या एका धातूच्या आश्रयाने राहण्याच्या कितीतरी छटा व्यक्त होतात. ‘वस्ती’ म्हणजे लोकांचा समूह. ‘वस्ती’ म्हणजे त्या समूहाची घरे. आणि ‘वस्ती’ म्हणजे केवळ एका रात्रीचा मुक्कामही होय. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आडगावी संध्याकाळी येऊन पहाटे परत जाणाऱ्या एस. टी. ला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. परंतु ती गाडी गावात ‘वसली’ असे कोणी म्हणत नाही. ‘वसाहत’ हा शब्द ह्याहूनही अधिक संदिग्ध आहे. साम्राज्याच्या अंकित असलेला दूरचा प्रदेश ही वसाहत, कारखान्यांसाठी आखून दिलेली जमीन ही औद्योगिक वसाहत, आणि पोलिसांच्या चाळी हीही वसाहतच. गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांतून ‘मंगळावर वसाहत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. तो करणाऱ्यास ह्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत असतो, हे पुष्कळदा त्याचे त्यासच सांगता येणार नाही. ही संदिग्धता निरुपद्रवी मात्र नव्हे. एका अर्थाने सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या अर्थानेही सिद्ध झाल्यासारखी वाटू लागते, आणि मग अंतराळस्थानकात माणसे महिनोन् महिने राहतात ह्या खऱ्या विधानावरून मंगळावर गावे वसतील हे अगदी निराळे विधान सहज निघाल्याचा भास होतो.

ह्यास्तव विवेचनापुरते तीन शब्द वेगळे करून घेणे सोयीचे होईल. माणूस एखाद्या ठिकाणी जातो, बरोबर नेलेल्या शिदोरीवर राहतो व परत येतो, ती ‘वस्ती’. जेथे माणसे पाळीपाळीने बदलतात परंतु जागा कायम चालू राहते आणि तिचा निर्वाह बाहेरून होतो, ते ‘ठाणे’. आणि जेथे माणसे जन्मतात, कष्ट करतात, म्हातारी होतात व मरतात, आणि बाहेरचा पुरवठा काही काळ तुटला तरी जे मोडत नाही, ते ‘गाव’. ‘ठाणे’ व ‘गावठाण’ ह्यांतील ‘ठाण’ हे दोन्ही संस्कृत ‘स्थान’ ह्या शब्दाचेच वंशज होत. शिलाहारांच्या ताम्रपटांत आजच्या ठाणे शहराचा निर्देश ‘श्रीस्थानक’ असा येतो. शब्द एकाच मुळाचे, तरी पोलिसांचे ठाणे आणि गावठाण ह्यांतील भेद मराठी माणसास समजावून द्यावा लागत नाही. सूर्यमालेतील निवासाच्या चर्चेत मात्र तो नेमका विसरला जातो.

शहापूर–मुरबाडचा प्रदेश ह्या चर्चेत आणण्यास आणखी एक, भूशास्त्रीय, कारण आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हे दोन्ही तालुके दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकावर उभे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या शिलारसाचे थर माहुली, गोरखगड व माळशेजच्या कड्यांत स्पष्ट मोजता येतात. चंद्रावर डोळ्यांना जे काळे डाग दिसतात तेही बसाल्टचेच विस्तीर्ण मैदान आहेत, फक्त ते तीन अब्ज वर्षांहून जुने. आणि मंगळाचा पृष्ठभागही प्रामुख्याने बसाल्टाचाच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बसाल्टमध्ये आघाताने झालेले असल्यामुळे चंद्र–मंगळावरील विवरांचा अभ्यास करणारे संशोधक तेथे वरचेवर येतात, हे सर्वज्ञात आहे. तात्पर्य, ज्या दगडावर भविष्यातील वसाहतीची स्वप्ने रचली जात आहेत त्याच जातीच्या दगडावर येथील वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, आगरी व कुणबी ह्यांनी प्रत्यक्ष गावे वसविली आहेत. दगड एक असताना गाव कशाने होते, हे येथे पाहता येते.

वस्ती ह्या अर्थाने माणूस अंतराळात राहू शकतो, हा प्रश्न आता उरलेला नाही. २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. वालेरी पोल्याकोव्ह हे १९९४–९५ मध्ये ‘मीर’ ह्या स्थानकात सलग ४३७ दिवस राहिले. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकात गेले व त्यांनी तेथे मेथी व मूग अंकुरविले. ठाण्याचा नमुना पाहावयाचा तर अंटार्क्टिकातील भारताची ‘मैत्री’ (१९८९) व ‘भारती’ (२०१२) ही दोन केंद्रे आहेत. तेथे हवा फुकट मिळते, बर्फ हाताशी आहे, गुरुत्वाकर्षण घरच्यासारखेच आहे. तरीदेखील अंटार्क्टिकात गाव झालेले नाही. मंगळाचा विचार करणाऱ्याने हा दाखला प्रथम खोडून दाखविला पाहिजे.

सूर्यमालेतील इतर ठिकाणांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६० अंश सेल्सियस व वायुभार पृथ्वीच्या नव्वदपटीहून अधिक आहे. त्याच्या वातावरणात ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर तापमान व वायुभार सुसह्य होतात, म्हणून तेथे तरंगते निवास कल्पिले गेले आहेत. परंतु ढग गंधकाम्लाचे आहेत आणि पायाखाली जमीन नाही. शनीच्या टायटन ह्या उपग्रहावर दाट वातावरण आहे, पण तापमान उणे १७९ अंश, आणि तेथील तळी मिथेनची. बुध तर उष्णता व शीत ह्या दोन्ही टोकांचा. विचारास योग्य अशी चंद्र व मंगळ ही दोनच स्थाने उरतात, आणि त्यांतही चंद्रावर ठाण्यापलीकडची आशा फारसे कोणी धरीत नाही. एलॉन मस्क ह्यांनी २०१६ मध्ये मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे दहा लाख लोकवस्तीच्या स्वयंपूर्ण नगराची कल्पना मांडली, ती मंगळाविषयी.

गावाला प्रथम माती लागते. मंगळावरील भुकटीस वृत्तलेखक सहजपणे ‘माती’ म्हणतात. हा अनुवादाचा दोष आहे. शहापूरचा शेतकरी कातळ, मुरूम व माती ह्यांत जो भेद करतो तो केवळ कणांच्या आकाराचा नव्हे. कातळ झिजून मुरूम होतो. मुरमाची माती होण्यास पाणी, मुळे, कृमी, सूक्ष्मजीव व कुजलेला पाला लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. भाताच्या आणि वरकस जमिनीवर नागली–वरीच्या रोपांसाठी ह्या भागात ‘राब’ करण्याची जुनी चाल आहे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण ह्यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून वरून मातीचा पातळ थर देतात, पावसाळ्याच्या आधी तो भाजून काढतात आणि मग बी पेरतात. एका लहानशा वाफ्यासाठी त्याच्या कितीतरीपट अधिक रानाचा पाला खर्ची पडतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वनखात्याने राने राखीव केली तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या हक्कावरून मोठा असंतोष माजला व त्याच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला, तो ह्यामुळेच. शेत हे एकटे कधीच नसते. त्याच्या पाठीशी न पेरलेले रान असते. मंगळावर शेतही नाही व पाठीशी रानही नाही. तेथील भुकटीत ‘फीनिक्स’ यानाने २००८ मध्ये परक्लोरेट ही क्षारद्रव्ये शोधून काढली. त्यांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असून ती कंठग्रंथीच्या कार्यात बाधा आणतात. धुऊन ती काढता येतात, पण धुण्यास पाणी पाहिजे. चंद्राविषयी एक प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये अपोलो यात्रांत आणलेल्या चांद्रधुळीत मोहरीच्या कुळातील एक लहान वनस्पती उगवून दाखविली. बी रुजले, रोपेही आली. मात्र ती खुरटी राहिली व त्यांच्या ठायी ताणाची लक्षणे दिसली. रुजणे आणि पिकणे ह्या क्रिया मराठीत दोन आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पाण्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान–१ वरील उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर जलांशाची चिन्हे टिपली व ते वृत्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेने केबियस ह्या ध्रुवीय विवरात यान आदळवून उडालेल्या धुरळ्याची परीक्षा केली, तेव्हा त्यात वजनाने ५ ते ६ टक्के पाणी आढळले. मंगळाच्या उत्तर भागात ‘फीनिक्स’ला वीतभर उकरल्यावर बर्फ लागला. ‘पाणी सापडले’ ह्या मथळ्याखाली ह्या तिन्ही वार्ता छापल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी वसाहतीची शक्यता जवळ आल्याचे सांगण्यात आले. खनिजाच्या अणुरचनेत अडकलेला जलांश, सूर्य कधीच न पाहिलेल्या विवरातील दगडासारखा कठीण बर्फ आणि हंड्यात भरलेले पाणी ह्या वस्तू एक नव्हेत. परंतु मराठी मथळ्यात त्या एक होतात.

‘पाणी आहे’ आणि ‘पाणी मिळते’ ह्या दोन वाक्यांत किती अंतर असू शकते, ह्याचे मुंबईच्या ईशान्येस असलेल्या शहापूर तालुक्याइतके ठसठशीत उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. ह्या प्रदेशात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले; वैतरणेवरील मोडकसागर १९५० नंतरच्या दशकात; भातसा त्यानंतर. मुंबईच्या एकूण पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसेतून येते. आणि तरीही फाल्गुन–चैत्र उलटला की ह्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, स्त्रिया आटलेल्या नदीच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. ह्याचे एक कारण निसर्गाकडे आहे. बसाल्टचे थर कठीण व तीव्र उताराचे असल्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत थोडेच मुरते, बाकीचे चार महिन्यांत वाहून जाते. दुसरे कारण योजनेकडे आहे. जलवाहिन्या शहराकडे उताराने जातात; उंचावरील पाड्यांकडे पाणी चढवावयाचे तर पंप, वीज, टाकी व त्यांची निगा राखणारा कोणी तरी लागतो. जलाशय दिसतो, परंतु पाणी मिळत नाही. पाण्याचे अस्तित्व हे निसर्गाचे विधान होय; पाण्याची प्राप्ती हे व्यवस्थेचे. अंतराळस्थानकात ही व्यवस्था पराकोटीस गेलेली आहे. तेथे घाम, श्वासातील बाष्प व मूत्र ह्यांतील पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळविण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये साध्य झाले. पण ती यंत्रे नादुरुस्त झाली की नवे भाग पृथ्वीवरून न्यावे लागतात, आणि स्थानक डोक्यावर अवघ्या ४०० किलोमीटरवर आहे.

हवेचा विचार मराठी ग्रामव्यवस्थेच्या शब्दसंग्रहात कोठेच सापडत नाही, आणि ते साहजिकच आहे. गाव वसविणाऱ्या पाटलाने पाणी पाहिले, माती पाहिली, वाट पाहिली. हवा त्याला पाहावी लागली नाही. मंगळावर वायुभार पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि जे काही वातावरण आहे त्यात ९५ टक्के कर्बद्विप्राणिद वायू. त्यातून प्राणवायू काढता येतो हे ‘पर्सिव्हिअरन्स’ यानावरील एका उपकरणाने २०२१ ते २०२३ ह्या काळात सोळा वेळा सिद्ध केले. एकूण निष्पत्ती १२२ ग्रॅम. एका माणसास दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे दोन वर्षांतील हे सर्व उत्पादन एका माणसाला साडेतीन तास पुरले असते. तत्त्व सिद्ध झाले, हे खरेच मोठे आहे. प्रमाणाचा प्रश्न मात्र तसाच आहे.

बंदिस्त जागेत शेत, माणूस व हवा ह्यांचा मेळ घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अ‍ॅरिझोनातील ‘बायोस्फिअर–२’ मध्ये झाला. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे सव्वा हेक्टरच्या काचघरात शिरली व दोन वर्षांनी बाहेर आली. आतल्या हवेतील प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून घसरत घसरत साडेचौदा टक्क्यांवर आला व १९९३ च्या आरंभी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण शोधले तेव्हा आढळले ते असे : पिके जोमाने यावीत म्हणून माती खतावून घेतली होती, तीतील सूक्ष्मजीव कुजवण्याच्या क्रियेत प्राणवायू खात होते. त्यातून निघालेला कर्बद्विप्राणिद वायू वनस्पतींनी परत घ्यावयाचा, परंतु त्याचा बराचसा भाग नव्या काँक्रीटच्या भिंतींनी शोषला व तो तेथे चुनखडीच्या रूपात अडकून पडला. हिशेब जुळला नाही तो ह्यामुळे. ज्या खताने शेत पिकते तेच खत बंद खोलीत श्वास हिरावून घेते. मुरबाडच्या मोकळ्या खाचरात हे कधी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नाही, कारण तेथे हिशेब पुरा करावयास सारे आकाश आहे. मंगळाचे सबंध वातावरणच दाट करावे ही कल्पना आकर्षक असली, तरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाकोस्की व एडवर्ड्स ह्यांच्या गणिताप्रमाणे तेथे हाताशी येऊ शकणारा सर्व वायू मोकळा केला तरी वायुभार पृथ्वीच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाही.

निवाऱ्याच्या बाबतीत मात्र बसाल्ट साहाय्यकारी ठरण्याचा संभव आहे. मंगळाच्या पृष्ठभागावर ‘क्युरिऑसिटी’ने मोजलेला किरणोत्सर्ग दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसीव्हर्ट, म्हणजे पृथ्वीवरील सर्वसाधारण नैसर्गिक मात्रेच्या शंभरपट आहे. त्यापासून बचाव करण्यास काही मीटर दगड पुरतो. वाहत्या शिलारसाचा वरचा पापुद्रा थिजून आतला रस निघून गेला की पोकळ भुयार उरते. अशी भुयारे चंद्रावर व मंगळावर आहेत. चांद्रयान–१ च्या छायाचित्रांवरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील संशोधकांनी दीड किलोमीटरहून लांब असे एक न ढासळलेले भुयार दाखवून दिले, व २०११ मध्ये ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात भावी निवासस्थान म्हणून त्याचा विचार मांडला. सह्याद्रीत माणसाने बसाल्टच्या पोटात आसरा घेतल्याची परंपरा जुनी आहे. मुरबाड तालुक्यातील सोनावळ्याची लेणी ‘गणपती गडद’ ह्या नावाने ओळखली जातात. नाणेघाटाच्या माथ्यावरील सातवाहनकालीन लेणे कल्याणहून जुन्नरला जाणाऱ्या वाटसरूंच्या उपयोगी पडत असे, आणि तेथील राणी नागनिकेचा लेख भारतातील संख्याचिन्हांच्या इतिहासात अपरिहार्य मानला जातो. परंतु लेणे वाटेवर असते. त्यात वस्ती झाली, गाव झाले नाही. गाव खाली वैशाखऱ्याला, पाण्याच्या व खाचरांच्या शेजारी आहे.

पुरवठ्याच्या प्रश्नास कोकणात एक नेमका शब्द आहे : ‘बेगमी’. आगोट लागण्यापूर्वी, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता, चार महिन्यांचे धान्य, सरपण, मीठ, सुकी मासळी घरात भरून ठेवावयाची. कारण एकदा ओढे भरले की वाट बंद. मंगळाकडे यान धाडण्यास अनुकूल काळ २६ महिन्यांतून एकदा येतो व प्रवासास सहा ते नऊ महिने लागतात. तेथील आगोट दोन वर्षांहून मोठी आहे, आणि बेगमीत हवा व यंत्रांचे सुटे भागही येतात.

पण बेगमी कोण भरणार? ह्या ठिकाणी मराठी राज्याच्या महसुली परिभाषेतील ‘इस्तावा’ ही पद्धती मननीय आहे. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास ‘कौल’ देऊन पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा, पुढे तो वर्षागणिक चढवीत न्यावयाचा व ठरल्या मुदतीनंतर पूर्ण दर आकारावयाचा, असा तिचा क्रम असे. बैल व बियाणे ह्यांसाठी तगाई निराळी. नवे गाव पहिल्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभे राहत नाही, ही गोष्ट त्या काळच्या कारभाऱ्यांना पुरी ठाऊक होती. मात्र ठरल्या मुदतीत ते उभे राहील व सरकारास सारा देऊ लागेल हा हिशेबही त्यांच्यापाशी होता. मंगळावरील नगराच्या कोणत्याही योजनेत तगाईचा विचार विपुल आहे, परंतु इस्ताव्याच्या शेवटच्या वर्षाचा आकडा कोठेही विश्वासार्ह रीतीने मांडलेला आढळत नाही. पृथ्वीस विकता येईल असे मंगळावर काय पिकेल, ह्याचे उत्तर मिळाल्याखेरीज तो मांडता येणारही नाही. बाहेरचा खर्च थांबला की ठाणे उठते. अशा उठलेल्या गावास महसुली दप्तरात ‘बेचिराख’ म्हणत. मूळ फारसी शब्द ‘बे–चिराग’, ज्यात दिवा लागत नाही असे गाव. पुढे ‘राख’ ह्या मराठी शब्दाच्या सान्निध्याने त्यास जळून गेल्याचा अर्थ चिकटला. ‘मीर’ स्थानकाचे २००१ मध्ये जे झाले त्यास दोन्ही अर्थ लागू पडतात : प्रथम त्यात दिवा लावणारा कोणी उरला नाही, व नंतर ते वातावरणात जळाले. आजचे आंतरराष्ट्रीय स्थानकही पुढील दशकाच्या आरंभी ह्याच रीतीने प्रशांत महासागरात उतरविण्याची योजना आहे.

गावाची खरी कसोटी माणसांत आहे. मुरबाड तालुक्यातील काही गावे व पाडे बारवी धरणाच्या जलाशयाखाली गेले. विस्थापितांच्या पुनर्वसनासंबंधी १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमात नव्या गावठाणात पुरवावयाच्या सुविधांची यादी आहे. तीत शाळा, विहीर, अंतर्गत रस्ते ह्यांबरोबर स्मशानभूमीही येते. कायद्याच्या रुक्ष भाषेत गावाची ही बऱ्यापैकी अचूक व्याख्याच झाली आहे. अंटार्क्टिकातील भारतीय केंद्रांच्या नकाशात शाळा व स्मशान दोन्ही नसतात. तरीही यादीत न बसणारे पुष्कळ असते, आणि घर मिळूनही गाव गेल्याची तक्रार विस्थापित करीत राहतात, त्यांस भावुकतेपेक्षा अधिक आधार आहे. रानातील हक्क, खाचराचा उतार, कोणत्या घराशी कोणाचे देणेघेणे आहे ह्याचे ज्ञान ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. ह्याच तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी–कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. ह्या जाण्यास ‘जगायला जाणे’ असा हृदयाला भिडणारा शब्दप्रयोग आहे. सहा महिने तेथे राहूनही ती जागा त्यांचे ‘घर’ होत नाही, ‘खोपी’च राहते. काम तेथे, पण जगण्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत.

मंगळावर मूल जन्मेल काय, हा प्रश्न तूर्त अनुत्तरित आहे. वजनरहित अवस्थेत व्यायाम न केल्यास खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, हे ठाऊक आहे. पण मंगळावर वजन शून्य होत नाही. ते पृथ्वीवरील वजनाच्या ३८ टक्के राहते, चंद्रावर एक षष्ठांश. ह्या मधल्या अवस्थेचा मानवास असलेला सर्वांत दीर्घ अनुभव म्हणजे १९७२ मधील अपोलो–१७ च्या दोन यात्रिकांचे चंद्रावरील सुमारे ७५ तास. जपानी संशोधकांनी स्थानकात उंदराचे भ्रूण चार दिवस वाढवून दाखविले व तो वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदराच्या चार दिवसांवरून माणसाच्या नऊ महिन्यांविषयी आणि त्यापुढील वाढीच्या वर्षांविषयी अनुमान करणे धाडसाचे होईल. ज्या जागी मूल वाढेल की नाही हे ठाऊक नाही, त्या जागेस गाव म्हणणे अकाली आहे.

मालकीविषयी १९६७ चा बाह्य अंतराळ करार स्पष्ट आहे : चंद्र वा अन्य खगोलावर कोणत्याही राष्ट्रास सार्वभौमत्व सांगता येत नाही. म्हणजे मिरासदार कोणी नाही, सारे उपरी. सातबारा उतारा नाही, तरी नावे मात्र पडू लागली आहेत. चांद्रयान–३ जेथे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले त्या जागेचे ‘शिवशक्ती’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०२४ मध्ये मान्य केले. मंगळावरील लहान विवरांस पृथ्वीवरील एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या गावांची नावे देण्याचा त्या संघाचा प्रघात आहे. त्यानुसार २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुरसान व बिहारमधील हिलसा ही नावे मंगळावर गेली. ह्या नियमात मुरबाड व शहापूर ह्यांचा समावेश होण्यास कोणतीच अडचण दिसत नाही.

भाषेच्या अंगाने पाहता ठाणे व गाव ह्यांतील भेद आणखी एका प्रकारे कळून येतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांनी तमिळांच्या शेजारात तीन शतकांहून अधिक काळ आपली बोली टिकविली. उलट, एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला ऊसमळ्यांवर गेलेल्यांच्या वंशजांत मराठी मुख्यतः सण, पूजा व शाळा ह्यांत राहिली. घरात क्रिओल आली. दोन्हीकडे गावे झाली, म्हणून भाषा बदलण्यास वा टिकण्यास पिढ्या मिळाल्या. ठाण्यात पिढ्या नसतात, तरीही बदल सुरू होतो. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या अकरा जणांच्या उच्चारांचे म्यूनिक येथील ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेले मापन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही महिन्यांच्या सहवासात त्यांच्या स्वरोच्चारांत समान दिशेने सूक्ष्म फरक पडू लागल्याचे त्यांना दिसले. मंगळाच्या बाबतीत ही क्रिया अधिक वेगाने होण्यास एक भौतिक कारण आहे. तेथून पृथ्वीवर संदेश पोचण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात, उत्तर यावयास त्याच्या दुप्पट. जगातील भाषांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर सरासरीने एक पंचमांश सेकंदाच्या आसपास असते; संभाषण म्हणतात ते ह्या अंतरात घडते. पृथ्वी व मंगळ ह्यांच्यामध्ये पत्रव्यवहार होईल, संभाषण होणार नाही. मायबोलीशी असलेला बोलण्याचा धागा पहिल्याच दिवशी तुटेल, व तेथील माणसे केवळ एकमेकांशी बोलतील.

शब्दसंग्रहात तर ह्याची सुरुवात मंगळावर कोणी न जाताच झाली आहे. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटे मोठा. त्यास ‘सोल’ म्हणतात. कॅलिफोर्नियात बसून मंगळावरील याने चालविणाऱ्या तंत्रज्ञांना रोज चाळीस मिनिटे उशिरा उठून त्या दिवसाप्रमाणे काम करावे लागले, तेव्हा ‘आज’ व ‘काल’ ह्या शब्दांनी गोंधळ होऊ लागला. म्हणून त्यांनी ‘टुसोल’ व ‘येस्टरसोल’ असे शब्द घडविले, आणि ते आजही त्यांच्या नोंदींत वापरले जातात.